‘मूटस्टॉन्ड’ : समोर उभे राहण्याचा शब्द

विरोध, प्रतिकार आणि विद्युत रोध या तिन्ही गोष्टींसाठी स्वीडिश माणूस एकच शब्द वापरतो, तो म्हणजे ‘मूटस्टॉन्ड’. ‘मूट’ म्हणजे विरुद्ध आणि ‘स्टॉन्ड’ म्हणजे उभे राहणे, अशी त्याची सरळ फोड आहे.

यातला ‘मूट’ विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘मूट स्टॉकहोल्म’ म्हणजे स्टॉकहोमच्या दिशेने, तर ‘मूट रेयेरिंगेन’ म्हणजे सरकारच्या विरुद्ध. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले, कारण त्याचे मूळ भेटीत आहे; ‘भेटणे’ या अर्थाचे ‘म्योटा’ हे स्वीडिश क्रियापद त्याच कुळातले. समोरासमोर आलेली माणसे गळाभेट घेतील किंवा भांडतील, शब्दाने दोन्ही शक्यता जपल्या. आपला ‘प्रति’ हा उपसर्ग मुळाने वेगळा असूनही असाच दुहेरी आहे : कोणाप्रती आदर असतो आणि कोणावर प्रतिहल्लाही होतो. ‘स्टॉन्ड’ मात्र संस्कृतमधील ‘स्था’ धातूचा सख्खा नातलग आहे. त्यामुळे ‘मूटस्टॉन्ड’ची हुबेहूब घडण आपल्याकडे ‘प्रतिष्ठा’ या शब्दात सापडते, अर्थ मात्र पार वेगळा; मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

विज्ञानात या शब्दाच्या वाटण्या झाल्या आहेत. ओहम या एककात मोजल्या जाणाऱ्या विद्युत रोधाला काटेकोर लेखनात ‘रेसिस्तान्स’ म्हणतात आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या गुणधर्माला ‘रेसिस्तेन्स’. फरक एका स्वराचा. तरी रंगीत पट्ट्यांचा, दोन्ही टोकांना तार असलेला विद्युत मंडलातला तो इवलासा सुटा भाग बोलताना ‘मूटस्टॉन्ड’च राहतो. हवेचा रोध म्हणजे ‘लुफ्तमूटस्टॉन्ड’, आणि ‘मूटस्टॉन्ड’ला ‘शक्ती’ या अर्थाचा ‘क्राफ्ट’ जोडला की शरीराची प्रतिकारशक्ती. सोपी वाट धरणाऱ्या माणसाबद्दल तो ‘किमान रोधाच्या नियमाने’ चालतो, असे म्हणण्याचा वाक्प्रचारही तिथे रूढ आहे.

संसदेतील विरोधी पक्षांना मात्र स्वीडनमध्ये ‘ओपोसिशून’ म्हणतात, कारण तिथे विरोध ही एक नेमून दिलेली जागा असते. ‘मूटस्टॉन्ड’मध्ये कृती अभिप्रेत असते. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर आक्रमण केले. त्यानंतर तिथल्या लोकांनी गुप्त वृत्तपत्रे आणि घातपात यांच्या बळावर जो लढा दिला, त्याला डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिन्ही देशांत किंचित वेगळ्या उच्चारांनी याच शब्दाने ओळखले जाते.