ड्राइव्ह बसवला म्हणजे वीज वाचलीच, असं नाही

"मोटरला व्हीएफडी लावा, बिल 30 टक्क्यांनी खाली येईल," हे कारखान्यांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. सरसकट खरं नाही. व्हीएफडी, म्हणजेच ड्राइव्ह, फक्त विजेची वारंवारता (हर्ट्झ) बदलून मोटरचा वेग बदलतो, आणि त्यात स्वतः 2-4 टक्के वीज उष्णतेत घालवतो. बचत होते ती वेग कमी केल्यावरच.

खरा फायदा पंखे आणि सेंट्रिफ्युगल पंपांवर (फिरत्या चाकाने पाणी फेकणाऱ्या). तिथे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 50 हर्ट्झऐवजी 40 वर चालवला, तर वेग 80 टक्के, पण शक्ती जेमतेम 51 टक्के! म्हणून डँपर (हवा अडवणारी झडप) अर्धा मिटलेला किंवा व्हॉल्व्ह आवळलेला दिसला, की ड्राइव्हचा विचार जरूर करा. पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर मात्र हा हिशेब बिघडतो. टाकीची उंची वेगाबरोबर कमी होत नाही. कन्व्हेयरवर शक्ती वेगाच्या सरळ प्रमाणातच घटते, आणि वेग निम्मा केला तर तोच माल पोचवायला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे एकूण वीज जवळपास तेवढीच.

आणि ड्राइव्हच्या डिस्प्लेवर दिवसभर 50.0 हर्ट्झ, म्हणजे पूर्ण वेग, हाच आकडा दिसत असेल, तर त्या ड्राइव्हमुळे वीज थोडी जास्तच जळते आहे.