वृद्धाश्रमात व्हीलचेअर फिरावी म्हणून: परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रं

आपल्याकडचे अनेक वृद्धाश्रम जुन्या बंगल्यांत किंवा देणगीत मिळालेल्या वास्तूंत चालतात. राहायला येताना माणूस चालता-फिरता असतो. काही वर्षांनी तो व्हीलचेअरवर येतो आणि मग जोतं, उंबरठे, अरुंद दारं आड येऊ लागतात. हे बदलायचं ठरवलेल्या विश्वस्तांसाठी आणि रहिवाशांच्या घरच्यांसाठी ही माहिती.

सुरुवात मोजमापापासून

पुढचा प्रत्येक अर्ज नकाशावर चालतो, म्हणून आर्किटेक्टला बोलवा आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या रहिवाशाला सोबत घेऊनच मापं घ्या. केंद्राच्या २०२१च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा उतार १:१२ हवा. म्हणजे जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब होतो. अंगणात तेवढी जागा नसेल तर तो वळवून घ्यावा, उतार वाढवू नये. रॅम्पची रुंदी किमान १२०० मिमी, दोन्ही बाजूंना कठडे, दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी आणि खुर्ची वळवायला १५०० मिमी व्यासाची जागा धरा.

पैसे थोडे असतील तर आधी संडास-बाथरूम करा, असं मी आग्रहानं सांगेन. रॅम्प येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो, म्हणून देणगीदारालाही तो आवडतो. पण आजींना दिवसातून अनेकदा जावं लागतं ते बाथरूमला. तिथं पाणी अडवायला घातलेल्या दोन इंचांच्या पट्टीवर खुर्चीची पुढची लहान चाकं अडकतात. मग मदतनीस खुर्ची मागे कलवून हिसका देतो आणि आजी दोन्ही हात घट्ट आवळून बसतात. पट्टी काढून फरशीला उतार द्यावा, दाराशी जाळीची पन्हळ करावी, कमोडशेजारी भिंतीत पक्के आधारदांडे बसवावेत. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आतल्या बाजूनं उघडणाऱ्या दारामागे कोणी पडलं तर दार उघडतच नाही.

परवानग्या

आधी विश्वस्त मंडळाचा ठराव. मग महापालिका, नगरपरिषद किंवा त्या हद्दीतल्या नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज. त्यासोबत मालकीचा उतारा, मंजूर नकाशाची प्रत, प्रस्तावित नकाशा, ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव तयार ठेवा. जागा भाड्याची असेल तर मालकाचं, सोसायटीत असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र घ्या. जुन्या बांधकामात भिंतीच भार पेलतात, तेव्हा दार रुंद करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्याच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४४नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देता येत नाही, आणि ही अट ट्रस्टनाही लागू आहे.

लिफ्टसाठी महाराष्ट्राचा २०१७चा स्वतंत्र कायदा आहे. ती बसवण्याआधी परवानगी आणि चालवण्याआधी परवाना, असे दोन टप्पे असतात.

संस्था खास दिव्यांगांसाठी असेल तर २०१६च्याच कायद्याखाली तिची नोंदणी सक्तीची आहे.

पैसा

कंपन्यांच्या सीएसआर निधीत (नफ्यातून समाजकार्यासाठी द्यायचा हिस्सा) वृद्धाश्रम बसतात. त्यासाठी ट्रस्टकडे आयकराची १२ए किंवा १२एबी आणि ८०जी नोंदणी, असा निधी घेणाऱ्या संस्थांसाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. सीएसआर-१ फॉर्म ऑनलाइन भरतात, त्याला विश्वस्ताची डिजिटल सही आणि सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची पडताळणी लागते. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि आर्किटेक्टच्या सहीचं अंदाजपत्रकही फाइलला लावा. कर्ज काढायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे बऱ्याच विश्वस्तांना बँकेत गेल्यावर कळतं.

रहिवाशाला स्वतःलाही मदत मिळू शकते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठाला सहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर हे सगळं त्यात येतं. आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, फोटो आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र जोडून अर्ज समाजकल्याण विभागाच्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे द्यायचा असतो. चांगली व्हीलचेअर एवढ्यात येत नाही. कमोड खुर्ची किंवा वॉकरला मात्र हे पैसे उपयोगी पडतात. खाती बंद पडलेले किंवा आधारशी न जोडलेले रहिवासी इथंच अडकतात, तेव्हा व्यवस्थापनानं बँकेचं काम आधी उरकावं.

व्यवस्थापन ऐकतच नसेल तर

आधी लेखी पत्र द्या आणि तारखेसह पोच घ्या. त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. पत्राची प्रत, अडचणीच्या जागांचे फोटो, मापं आणि असेल तर रहिवाशाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जोडा. आयुक्त स्वतःहूनही चौकशी करू शकतात, म्हणून ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी घरच्यांनी जरूर लिहावं. आयुक्तांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली तर त्या प्राधिकरणाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं द्यावी लागतात.