ढगावर झोत टाकायचा असेल तर: बुकिंगआधी एवढं वाचा

आम्ही पुण्यात आकाशात झोत टाकणारे सर्चलाइट भाड्याने देतो. गणपती महिन्यावर आले की आमचा फोन सुरू होतो, तो तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईपर्यंत थांबत नाही. प्रश्न ठरलेले असतात. ‘झोत ढगापर्यंत जातो का?’, ‘किती वॅटचा आहे?’ आणि ‘ऑपरेटरचे वेगळे पैसे कशाला? आमची पोरं बघतील की.’ तिन्हींची उत्तरं इथे देत आहोत. सुरुवात तिसऱ्यापासून, कारण सगळ्यात जास्त संध्याकाळी त्याच्यापायी वाया गेल्या आहेत.

दिव्याचं मेन कोणीही पाडू नका

सिंहगड रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. आमचे दोन दिवे लावलेले, आकाशात झोत छान फिरत होते. नवरा-नवरीच्या एन्ट्रीआधी फोटोग्राफर म्हणाला, ‘तो वरचा उजेड दोन मिनिटं घालवा.’ घरचाच एक उत्साही मुलगा जनरेटरपाशी गेला आणि त्याने एमसीबी, म्हणजे दिव्याचा मेन स्विच, खाली पाडला. फोटो झाले, त्याने एमसीबी वर केला. पंखे फिरायला लागले, दिवा पेटवायला ठिणगी टाकणाऱ्या इग्निटरची टकटक सुरू झाली, पण दिवा लागेना. आमचा माणूस धावत आला तरी त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं. पुढची चौदा मिनिटं आकाश काळं. तेवढ्यात नवरा-नवरी स्टेजवर जाऊन बसलेसुद्धा. मुलीचे वडील आमच्यावर चिडले, आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तरी चिडलोच असतो. आम्ही अर्धे पैसे परत केले. पण ती एन्ट्री काही परत करता आली नाही.

असं का होतं ते समजून घ्या. या दिव्यात तार तापत नाही, कमान पेटते. क्वार्ट्झ काचेच्या छोट्या नळीत दोन टोकं अगदी जवळ असतात आणि त्यांच्यामध्ये विजेची कमान धरलेली असते. दिवा गार असताना आतला वायू विरळ असतो, त्यामुळे इग्निटरची ठिणगी सहज पार होते. दिवा तापला की आतल्या पाऱ्याची आणि क्षारांची वाफ होते आणि दाब कितीतरी पट वाढतो. त्या दाबातून ठिणगी पार होत नाही. नळी निवल्याशिवाय, म्हणजे साधारण दहा ते पंधरा मिनिटं, दिवा पुन्हा पेटत नाही. पेटला तरी पूर्ण तेजावर यायला आणखी दोन-तीन मिनिटं जातात. त्यात मेन पाडलं की दिव्याबरोबर पंखाही थांबतो, म्हणजे नळी निवायला उलट जास्त वेळ लागतो. घाईत पुन्हा पुन्हा स्विच दाबून काही होत नाही, फक्त इग्निटर मरतो.

आमच्याकडच्या मोठ्या दिव्यात पाऱ्याऐवजी झेनॉन वायू आहे. तो तापलेला असतानाही पेटतो, हे खरं. म्हणून काही जण म्हणतात, मग त्याचं मेन पाडायला काय हरकत? हरकत पंख्याचीच आहे. दिवा बंद केल्यावर पंखा निदान पाच मिनिटं चालावा लागतो. नाहीतर तापलेल्या क्वार्ट्झवर आणि टोकांच्या सीलवर ताण येतो. झेनॉनच्या नळीत थंड असतानाही बाहेरच्या हवेच्या अनेक पट दाब असतो, म्हणून ती बदलताना आमचा माणूस तोंडावर ढाल आणि हातात मोजे घालतो. उघड्या बोटाचा एक ठसा जरी काचेवर राहिला, तरी तेवढी जागा जास्त तापते, हळूहळू पांढुरकी होते आणि पुढे तिथूनच नळी जाते. त्यामुळे झाकण उघडून ‘आत काय आहे बघू’ म्हणणाऱ्या मुलांना कृपया लांब ठेवा.

अंधार हवा असेल तर आमच्या माणसाला फक्त ‘शटर’ म्हणा. दिवा आत जळत राहतो, पाकळ्या मिटतात, बाहेर मिट्ट काळोख. पुन्हा ‘उघड’ म्हटलं की त्याच क्षणी पूर्ण झोत. आरतीला, भाषणाला, केक कापताना, कितीही वेळा करा. या एका कामासाठी आम्ही ऑपरेटर पाठवतो आणि त्याचे पैसे लावतो. दिवा एकटा भाड्याने देत नाही, आग्रह केला तरी देत नाही.

जनरेटरचंही तसंच. साउंडवाल्याच्या जनरेटरवर आमचा दिवा लावू नका. ढोल-ताशाच्या पथकाची आम्हाला काही अडचण नाही, पण बेसचा ठोका पडला की व्होल्टेज खाली जातं, कमान तुटते आणि वर सांगितलेली पंधरा मिनिटं सुरू होतात. आमचा जनरेटर वेगळा येतो, त्याचं भाडं दरातच धरलेलं असतं. कोणी त्याहून स्वस्त दर दिला, तर त्यात जनरेटर आहे का, एवढं विचारून घ्या.

ढगापर्यंत जातो का?

जातो. पण ढग असावा लागतो. भाद्रपदात पुण्यावर ढग बहुतेक खाली असतात. तेव्हा झोताचा गोल ठिपका ढगाच्या पोटावर स्वच्छ दिसतो आणि दिवा फिरवला की ढगावरून सरकत जातो. लोक मान वर करून बघतात ते या ठिपक्याकडे. डिसेंबरात आभाळ निरभ्र असतं. तेव्हा ठिपका पडायला वर काही नसतं, फक्त हवेतल्या धुळीवर आणि धुक्यावर उजळलेली रेघ दिसते. रेघही सुंदर दिसते, पण ती ठिपका नाही. पैसे देण्याआधी ही गोष्ट माहीत असलेली बरी, म्हणून हिवाळ्यातल्या प्रत्येक बुकिंगला आम्ही ती आधीच सांगतो.

निरभ्र रात्री झोत मध्येच कापल्यासारखा संपतो आणि लोक म्हणतात, दिव्याची ताकद संपली. तसं नाही. रेल्वेचे रूळ लांब एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तसाच हा नजरेचा खेळ आहे. झोत पुढे जातच असतो.

ढग किती उंच आहे, हे याच दिव्याने मोजता येतं. सरळ वर झोत टाका, दिव्यापासून 500 मीटर लांब जा आणि ठिपक्याकडे बघण्याचा जमिनीपासूनचा कोन मोजा. 45 अंश आला तर ढग 500 मीटरवर, 60 अंश आला तर सुमारे 865 मीटरवर. रात्री ढगांची उंची मोजायला हवामान खात्याचे लोक पूर्वी हीच युक्ती वापरत. आता ते काम लेझरच्या यंत्रांवर होतं. 1928 साली सिमल्याहून हवामान खात्याचं मुख्यालय ज्या शहरात आलं, तिथल्या मुलांना कंपासपेटीतला कोनमापक घेऊन हे करून बघायला नक्की आवडेल. एका सोसायटीत आम्ही ते करून दाखवलं तेव्हा मोठी माणसंसुद्धा रांगेत उभी राहिली. वेळ असला की आमचा माणूस आनंदाने दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

ढगावरून परतलेल्या उजेडात मैदान उजळेल का, असंही विचारतात. नाही उजळणार. 1944 साली युरोपातल्या लढाईत ब्रिटिश सैन्याने प्रचंड सर्चलाइट ढगांवर मारून रात्री उजेड पाडला होता. एवढं करूनही मिळालं ते चांदणंच, आणि सैनिक त्याला म्हणायचेही ‘कृत्रिम चांदणं’. जेवणाच्या टेबलांसाठी वेगळे दिवे लावा.

किती वॅटचा?

वॅटपेक्षा झोत किती पसरतो ते विचारा. एक अंश पसरणारा झोत 1 किलोमीटरवर साधारण साडेसतरा मीटर रुंद होतो, चार अंशांचा 70 मीटर. रुंदी चौपट झाली की तोच प्रकाश सोळापट जागेवर पसरतो. शहरावरचे ढग खालच्या रस्त्यांच्या उजेडाने आधीच पांढुरके झालेले असतात, त्यात असा पातळ ठिपका हरवून जातो. मांडवातला एलईडी फ्लड कितीही वॅटचा असला तरी ढगावर ठिपका पाडत नाही, याचं कारण हेच: त्याचा उजेड मोठ्या पट्टीतून येतो, आमचा काही मिलिमीटरच्या कमानीतून. कमान जेवढी बारीक, तेवढा दिव्यातला आरसा झोत आवळून धरतो.

काही जण फोनवर लास व्हेगसच्या लक्सर हॉटेलचा झोत दाखवतात आणि म्हणतात, असा हवा. तिथे 7 किलोवॅटचे 39 झेनॉन दिवे एकत्र आहेत. आमचा मोठा दिवा एकच, 4 किलोवॅटचा. एका चौकाला, एका लॉनला तो पुरतो.

आम्ही काय करत नाही

लेझर देत नाही. विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरने लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी पुण्यात झाल्या आहेत. आमचा झोतही आम्ही माणसांच्या उंचीला कधी आणत नाही. लोहगाव, विमाननगर, वाघोली, खराडी या भागांत आकाशात झोत टाकत नाही, कारण वैमानिकाच्या डोळ्यांवर येणारा उजेड ही गंमत नाही. बाकी ठिकाणीही त्या वर्षीचा पोलिसांचा आदेश बघूनच तारीख पक्की करतो. परवानगी लागत असेल तर अर्ज तुमच्या नावाने करायचा, कागद आम्ही तयार करून देतो. गेल्या वर्षी चाललं म्हणून या वर्षी चालेल, असं धरू नका.

नदीकाठच्या कार्यक्रमांत दर पाऊण तासाने आम्ही शटर मिटून वीस मिनिटं थांबतो. यावर बरेच जण नाराज होतात. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबरच्या स्मरणासाठी 88 झेनॉन दिवे रात्रभर वर सोडतात. स्थलांतर करणारे पक्षी त्या झोतात अडकून घिरट्या घालत दमतात, म्हणून हजाराहून जास्त पक्षी दिसले की तिथे 20 मिनिटं दिवे बंद ठेवतात. त्या शहराला त्या रात्री जे जमतं, ते मुठेच्या काठी आपल्यालाही जमायला हवं. हे आम्ही बदलणार नाही. तुमची आरती किंवा एन्ट्री विश्रांतीत येणार नाही, एवढं वेळापत्रक मात्र आधी बसून ठरवू.

फोन करताना

तारीख, जागा, आणि वर मोकळं आकाश आहे की झाड, पत्रा, विजेच्या तारा, एवढं सांगा. दिवा उभा राहील त्या जागेचा फोटो दिवसाउजेडी काढून पाठवा, रात्रीचा नको, त्यात तारा दिसत नाहीत. पावसाळ्यात दिव्यावर आम्ही पारदर्शक घुमट बसवतो, कारण तापलेल्या काचेवर गार थेंब पडला तर ती तडकते. त्या घुमटासाठी भोवती दीड मीटर मोकळी जागा लागते. पेठांमधल्या मंडळांसाठी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी आमचा माणूस जागा बघायला येतो. त्या वेळी मंडळातला एक जबाबदार कार्यकर्ता हजर ठेवा. जनरेटर कुठे उभा राहील आणि त्याच्या स्विचपाशी कोण उभं राहील, हे तिथेच ठरवून घेऊ.