रीडलिंक शेवटी शून्य लावत नाही

सिम्बॉलिक लिंक म्हणजे दुसऱ्या फाइलचा पत्ता लिहिलेली छोटीशी फाइल. ती ओपन केली किंवा स्टॅटने तिची माहिती विचारली, की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर त्या पत्त्यावर पोचतो. लिंकमध्ये काय लिहिलंय तेच वाचायचं असेल, तर रीडलिंक हा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला सांगायचं काम, वापरायचा. १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून तो आहे.

त्याला तीन गोष्टी द्यायच्या: लिंकचा पाथ, बफर (मजकूर ठेवायची मेमरीतली जागा) आणि बफरचा आकार. परत मिळतो तो भरलेल्या बाइट्सचा आकडा. हा आकडाच महत्त्वाचा, कारण सी भाषेत मजकूर कुठे संपतो ते दाखवणारा शून्य बाइट रीडलिंक शेवटी लावत नाही.

समजा, सुरुवातीला शून्यांनी भरलेल्या बफरमध्ये ‘कमलपुष्प’ हा पत्ता वाचला. छापला, बरोबर आला. मग त्याच बफरमध्ये दुसऱ्या लिंकचा ‘कमल’ हा पत्ता वाचला. छापून पाहा: पुन्हा ‘कमलपुष्प’! पहिले ९ बाइट नव्याने लिहिले गेले, मागचे जुनेच राहिले. (यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मोजायचे ते बाइट, अक्षरं नव्हेत.) एरर काहीच नाही, आणि प्रोग्राम भलतीच फाइल उघडतो. आकडा ९ आला, तर बफरच्या ९ क्रमांकाच्या जागी (मोजणी ० पासून) शून्य आपणच ठेवायचं.

बफर अपुरा पडला तर रीडलिंक मजकूर गुपचूप कापतो. म्हणून आकडा बफरच्या आकाराइतकाच आला, तर मजकूर कापला गेला असं धरून बफर दुप्पट करा आणि पुन्हा वाचा. एलस्टॅट या खुद्द लिंकची माहिती देणाऱ्या कॉलने आधी लांबी विचारून एक बाइट जास्तीचा घेता येतो, पण मधल्या काळात कुणी लिंक बदलू शकतं. शिवाय लिनक्सच्या प्रॉक या चालू प्रोग्रामांची माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममधल्या बऱ्याच लिंक लांबी ० सांगतात. तेव्हा ही तपासणी टाळू नका.

काही चुकलं तर रीडलिंक उणे १ परत देतो, म्हणून परतीचा आकडा चिन्हासहित प्रकारात घ्या. बिनचिन्हाच्या प्रकारात उणे १ ची प्रचंड संख्या होते आणि शून्य बफरबाहेर कुठेतरी लिहिलं जातं. उणे १ आल्यावर एररनो (एररचं कारण सांगणारा आकडा) पाहा: ईइनव्हॅल असेल तर ती बहुधा लिंकच नाही, ईनोएंट असेल तर त्या पाथवर काहीच नाही.

वाचलेला पत्ता स्लॅशने सुरू होत नसेल, तर तो लिंक ज्या डिरेक्टरीत आहे तिथून मोजायचा, प्रोग्राम चालू आहे तिथून नव्हे.

एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या दोन लिंक असतील तर ओपन ईलूप ही एरर देऊन थांबतो. लिनक्सवर एका पाथसाठी किती लिंकमागे जायचं याची मर्यादा ४० आहे. रीडलिंक मात्र त्यातली कुठलीही लिंक वाचून देतो, कारण दिलेल्या पाथच्या शेवटी असलेल्या लिंकच्या पुढे तो जातच नाही.