तिसरा रकाना

2020-21 मध्ये नागपूरकर रोज संध्याकाळी कोविडच्या ज्या आकड्यांची वाट बघायचे, त्यात तीन रकाने असत : शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील. पहिल्या दोनांवर घरोघरी चर्चा व्हायची, तिसऱ्याकडे फारसं कुणी बघत नसे. इथल्या साथीचा अभ्यास करायला बसलं की पहिली ठेच मात्र तिथेच लागते. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि खासगी दवाखान्यांत भरती झालेला माणूस भंडारा-गोंदिया-चंद्रपूरचाच असेल असं नाही. तो मध्य प्रदेशातल्या बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचाही असतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद जिथे तो घडला तिथे होते. म्हणजे माणूस गेला बालाघाटचा, वाढला आकडा नागपूरचा. त्या आकड्याला नागपूरच्या लोकसंख्येने भागलं की उत्तर चुकलंच समजा.

हा रकाना तरी खरा होता का? माझे मामेसासरे आमगावचे. एप्रिल 2021 मध्ये त्यांना रातोरात नागपूरला आणलं. बाहेरगावचा पत्ता सांगितला तर बेड मिळणार नाही, अशी भीती तेव्हा सगळ्यांनाच होती, म्हणून केसपेपरवर आमचा मानेवाड्याचा पत्ता घातला. पुढचे काही दिवस मला फोन येत राहिले : ताप आहे का, ऑक्सिजन किती, घरात वेगळी खोली आहे का? मी सांगायचो, पेशंट भरती आहे. पलीकडची मुलगी म्हणायची, ‘‘पण सर, तुमच्याकडे होम आयसोलेशन दाखवतंय.’’ कागदोपत्री ते शहरातले रुग्ण होते आणि आमच्या घरी होते. प्रत्यक्षात यातलं काहीच खरं नव्हतं. अशी किती घरं असतील, ते कोणत्याही रकान्यातून कळायचं नाही.

नोंदींचं हे दुखणं जुनंच आहे. 1918 च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत-वऱ्हाडाला देशातल्या सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत नेऊन बसवलं, आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी. तेव्हा खेड्यातल्या मृत्यूची खबर गावचा कोतवाल पोलिस ठाण्यात देत असे. कारणांचे रकाने मोजकेच : पटकी, देवी, प्लेग, हगवण, श्वसनाचे विकार आणि सगळ्यात मोठा रकाना ‘ताप’. कोतवाल डॉक्टर नव्हता; अंग तापून माणूस गेला की तो ताप. इन्फ्लुएन्झाचे बळी मुख्यतः या ‘तापा’त आणि श्वसनविकारांत मिसळून गेले. त्यातच कित्येक गावांत नोंद देणारेच आजारी पडले किंवा मेले, त्यामुळे नोंदीही विस्कटल्या.

तरीही हिशेब लागला. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी 1919 च्या अहवालात मार्ग काढला तो असा : आधीच्या वर्षांत या महिन्यांत सरासरी किती माणसं जात होती ते बघा, यंदा किती गेली ते बघा, आणि वजाबाकी करा. रोगाचं नाव कागदावर नसलं तरी जादा मृत्यू कागदावर उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये 2020-21 साठी भारतात सुमारे 47 लाख जादा मृत्यूंचा अंदाज मांडला, तोही याच जातकुळीतला, फक्त गणित अधिक गुंतागुंतीचं. 2021 अखेरपर्यंतचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता आणि केंद्राने त्या पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, मुळातला कच्चा माल कमकुवत होता हे मान्य करावं लागतं : 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांबाबतीत आपण अजून कोतवालाच्याच वहीत आहोत.

दवाखान्याच्या कागदाला आणखी एक मर्यादा असते. त्यात दवाखान्यात पोहोचलेलाच माणूस सापडतो. दुसऱ्या लाटेनंतर नागपुरात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे रुग्ण मोठ्या संख्येने आले, तेव्हा प्रत्येकाबद्दल तेच प्रश्न होते : साखर किती होती, स्टेरॉइड किती दिवस घेतलं, किती डोस? भरती झालेल्यांचे केसपेपर होते. घरीच गोळ्या घेतलेल्यांकडे फार तर मेडिकलवाल्याचं बिल. (बाहेरगावच्यांसाठी : इथे ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकानही आणि 1947 चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. संदर्भाने समजून घ्यायचं.)

म्हणून दारात जाऊन विचारणं आलं. 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी फिरले. ताप, ऑक्सिजन, बीपी-शुगर यांची विचारपूस झाली. पण पॉझिटिव्ह निघालं की उचलून नेतात, ही धास्ती लोकांच्या मनातून गेली नव्हती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सतरंजीपुरा, मोमीनपुऱ्यातली कुटुंबंच्या कुटुंबं आमदार निवासासारख्या ठिकाणी विलगीकरणात गेलेली शहराने पाहिली होती. अशा वेळी ‘‘घरात कुणाला खोकला?’’ याचं उत्तर ‘‘नाही’’ असंच येणार. रक्त मात्र खोटं बोलत नाही, म्हणून आयसीएमआरने सेरो सर्वेक्षणं केली, म्हणजे रक्तात कोविडची प्रतिपिंडं किती जणांत आहेत ते तपासलं : मे-जून 2020 च्या फेरीत प्रौढांत 0.73 टक्के, जून-जुलै 2021 मध्ये सहा वर्षांवरच्या सगळ्यांत 67.6 टक्के. ही पाहणी देशभरातल्या ठरावीक 70 जिल्ह्यांत झाली. महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, नगर आणि जळगाव हे सहा त्यात होते, नागपूर नव्हतं.

मला या सगळ्यात जास्त मोलाची वाटते ती साथीच्या कितीतरी आधी सुरू झालेली एक कंटाळवाणी नोंदवही. नागपूरचं लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन ग्लोबल नेटवर्क या आंतरराष्ट्रीय गटात आहे. भारतातलं त्यांचं दुसरं केंद्र बेळगाव. ठरलेल्या भागातल्या गरोदर बायांची नाव-नोंदणी करायची आणि बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत आई-बाळाचा माग ठेवायचा, एवढंच काम, पण वर्षानुवर्षं. साथ आली तेव्हा तुलनेला ‘आधीचं’ तयार होतं. त्याच बायांना कोविडबद्दल काय माहीत आहे, काय भीती वाटते, हेही विचारता आलं. ब्रिटनमध्ये ओपनसेफ्ली या संशोधन प्रकल्पाने 2020 मध्ये 1 कोटी 70 लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी अभ्यासल्या, त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. पण तिथे प्रत्येकाची एका दवाखान्यात वर्षानुवर्षांची संगणकीय फाइल असते. आपल्याकडे अशा संगणकीय नोंदींसाठीचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर जाहीर झालं सप्टेंबर 2021 मध्ये, दुसरी लाट ओसरल्यावर.

रेंगाळणाऱ्या आजाराची गोष्ट तर उलट्या दिशेने आली. ‘लाँग कोविड’ हे नाव डॉक्टरांनी नाही, 2020 मध्ये रुग्णांनीच दिलं. पहिली प्रश्नावलीही त्यांनीच एकमेकांत फिरवली. ऑक्टोबर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली : संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कशाने न उलगडणारी लक्षणं. मला येणारे फोन पंधरवड्याच्या आतच थांबले होते. मामेसासरे बरे होऊन आमगावला गेले. त्या दिवाळीत आमच्याकडे आले तेव्हा दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत तीनदा थांबले. फाइल त्यांनी जपून ठेवली आहे. तिच्यावर पत्ता अजून मानेवाड्याचाच आहे.