'जोहार' कुणी लिहिला?

ज्यू गूढविद्येचा, म्हणजे कब्बालाचा, मुख्य ग्रंथ 'जोहार' दुसऱ्या शतकात रब्बी शिमोन बार योखाई यांनी रचला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. श्रद्धेचा मान राखूनही हे मान्य करता येत नाही. हा ग्रंथ प्रकटला तो तेराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनच्या कास्तील प्रांतात, कब्बालाकार मोशे दे लिओन यांच्या हातून. शिमोन यांच्या नंतरचे पंडित त्यात बोलतात. हिब्रू स्वरचिन्हं कित्येक शतकांनी आली, तरी त्यांचीही चर्चा आहे. त्यातली अरामाईक ही प्राचीन भाषासुद्धा बोलीतली नाही, पुस्तकांतून शिकलेली वाटते.

सर्वांत बोलका पुरावा मोशेंचे समकालीन कब्बालाकार, आक्रा गावचे इझहाक यांचा. १३०५ मध्ये मोशे त्यांना शपथेवर म्हणाले की प्राचीन पोथी आविलातल्या आपल्या घरी आहे. पण घरी पोचण्याआधीच मोशे वारले. पोथीसाठी एका श्रीमंत कुटुंबाने त्यांच्या विधवेला तिच्या मुलीच्या सोयरिकीचं आमिष दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, अशी पोथी नव्हतीच. ते स्वतःच्या डोक्यातून लिहीत. ही हकिगत ऐकीव आहे, पण कब्बालाचे संशोधक गेर्शोम शोलेम यांनी भाषेच्या बारीक अभ्यासातून विसाव्या शतकात हाच निष्कर्ष काढला. आता बरेच अभ्यासक मोशेंसोबत कास्तीलमधल्या कब्बालाकारांच्या एका मंडळाचाही हात मानतात, आणि मला तेच अधिक पटतं.