नॅनोसेल्युलोजची कसोटी मुंबईच्या जुलैत

वेफर्सच्या पाकिटाची आतली बाजू चकाकते ती अ‍ॅल्युमिनियमच्या अतिपातळ थरामुळे. हा थर ऑक्सिजन अडवतो, पण प्लास्टिकपासून सुटा होत नाही. म्हणून असली पाकिटं भंगारवालाही घेत नाही. ऑक्सिजन अडवण्याचं हे काम नॅनोसेल्युलोज, म्हणजे लाकडातल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे, हेही करू शकतात.

लाकडाच्या ब्लीच केलेल्या लगद्यातला एक तंतू 20 ते 40 मायक्रॉन जाड असतो. त्याच्या आत 3-4 नॅनोमीटर जाडीचे धागे एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात, आणि नुसतं घुसळून ते सोडवायचे तर वीज अफाट लागते. टोकियो विद्यापीठातल्या अकिरा इसोगाई यांच्या गटाने फ्रेंच सहकाऱ्यांसह 2006 मध्ये यावर तोड काढली. लगद्यावर आधी टेम्पो नावाचं उत्प्रेरक, सोडियम ब्रोमाइड आणि सोडियम हायपोक्लोराइट यांची प्रक्रिया करायची, सामू (pH) 10 ठेवून. धाग्यांवर ऋण भार येतो, ते एकमेकांना ढकलू लागतात आणि थोड्याशा घुसळण्यानेही सुटतात. प्रक्रियेत सामू सतत खाली येतो. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून तो सावरला नाही तर काम मंदावतं. नंतरची धुलाईही नीट हवी. क्षार मागे राहिले की भार झाकला जातो आणि धागे पुन्हा गोळा होतात.

हाती येते ती 1 टक्का नॅनोसेल्युलोज आणि बाकी पाणी असलेली पारदर्शक, खळीसारखी जेल. 9 सेंटीमीटरच्या पेट्री डिशमध्ये 30 मिलिलिटर ओतली, तर वाळल्यावर साधारण 30 मायक्रॉनची फिल्म मिळते. ओतण्याआधी निर्वातात बुडबुडे काढावेत, नाहीतर तिथे भोकं राहतात. ओव्हनमध्ये घाईने वाळवली तर वरची साय आधी आवळते आणि फिल्म पापडासारखी वाकते. जेल वाळवून साठवताही येत नाही. धागे हायड्रोजन बंधांनी इतके चिकटतात की पुन्हा पाण्यात सुटे होत नाहीत. म्हणजे 1 किलो मालासोबत 99 किलो पाणी वाहून न्यायचं. खर्चाचं खरं दुखणं हेच.

आणि मग पावसाळा. कोरड्या हवेत ही फिल्म ऑक्सिजनला उत्तम थोपवते. पण सेल्युलोजला पाण्याची ओढ आहे. आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली की धाग्यांमध्ये पाणी शिरतं, फिल्म फुगते आणि ऑक्सिजनला वाट मिळते. मुंबईत जुलैमध्ये हवा 80 टक्क्यांच्या वरच असते. म्हणून तिला दोन्ही बाजूंनी मेण किंवा पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड या वनस्पतीजन्य प्लास्टिकचं अस्तर द्यावं लागतं, आणि कापलेली कडही झाकावी लागते, कारण पाणी तिथूनही शिरतं.

माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवण्यावर काम झालं आहे. कच्चा माल कापूस असो वा लाकूड, पाण्याची ही ओढ तीच. त्यामुळे कुणी फिल्मचा नमुना दाखवला तर चाचणी किती आर्द्रतेला केली, हे आधी विचारावं. 50 टक्के आर्द्रतेला मिळालेला आकडा आपल्या किराणा दुकानाच्या फळीवर उपयोगाचा नाही.